रविवारचे ऑम्लेट, घरच्या तव्यावर

मराठी घरात ऑम्लेटचा वार ठरलेला असतो आणि तो बहुतेक रविवारच असतो. याला केवळ सुट्टी कारण नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा, अशी आठवड्याची वाटणी झाल्यावर सामिष खाण्यासाठी बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढेच वार हाती उरतात. पैकी बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी डबे भरण्याच्या घाईत तव्यापाशी उभे राहायला कोणालाच सवड नसते. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला; कित्येक खासगी कार्यालयांत तो त्याआधीच रुळला होता. तरीही शनिवारची सुट्टी मिळून गिरगाव-दादरच्या अनेक घरांत त्या दिवशी अंडे फुटत नाही. शनिवारी पोहे किंवा उपमा आणि रविवारी ऑम्लेट-पाव हा क्रम टिकून आहे. श्रावण आणि गणपतीचे दिवस तेवढे या क्रमाला अपवाद.

पदार्थ म्हणावा तर अगदी साधा. अंडी, कांदा, मिरची, मीठ आणि चमचाभर तेल. असे असूनही तो घरोघरी आणि दर रविवारी निराळा होतो. कधी चिवट, कधी पाणचट, कधी खाली करपलेला आणि वर कच्चा. चार-पाच माणसांच्या घरात आणखी एक अडचण असते. तव्यावर एका वेळी एकच ऑम्लेट मावते. पहिल्याचे खाऊन होते तेव्हा चौथ्याचे तव्यावर पडत असते आणि करणारी बाई (बहुतेक घरांत ती बाईच असते) सगळ्यांचे आटोपल्यावर निवलेल्या चहाबरोबर आपले खाते. सर्वांनी एकत्र बसून न्याहारी करावी हा रविवारच्या या खटाटोपाचा हेतू असेल तर तो नेमका इथे फसतो. पाककृतीच्या पुस्तकांत या प्रश्नाची दखल सहसा घेतलेली आढळत नाही.

नाव आणि घराणी

‘ऑम्लेट’ हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीमार्गे मराठीत आला. पातळ पत्रा किंवा सुरीचे पाते अशा अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दापासून तो बदलत बदलत आला असे मानले जाते. म्हणजे नावातच पदार्थाचा चपटेपणा आहे. मराठी बोलण्यात त्याची आम्लेट, आमलेट अशी रूपे झाली. जुन्या मंडळींच्या तोंडी असलेली ‘अंड्याची पोळी’ मात्र कोणत्याही परक्या शब्दापेक्षा वस्तूचे नेमके वर्णन करते. पारशी घरांत याच जातीच्या मसालेदार ऑम्लेटला ‘पोरो’ म्हणतात. गोव्यात संध्याकाळच्या गाड्यांवर ‘रस ऑम्लेट’ मिळते. त्यात ऑम्लेटवर शागुतीसारखा मसालेदार रस ओतून ते पावाबरोबर देतात.

अस्सल फ्रेंच ऑम्लेट लोण्यात होते. ते फिकट पिवळे असावे, त्यावर तपकिरी डाग पडू नये आणि आतून ते ओलसर राहावे, असा तिकडचा दंडक आहे. मुंबईच्या ऑम्लेटचा धर्म याच्या उलट. ते दोन्ही अंगांनी भाजायचे, कडा जाळीदार आणि किंचित कुरकुरीत हव्यात, आणि कापलेल्या कांद्याचा एखादा तुकडा तांबूस झालेला असलाच पाहिजे. फ्रेंच आचारी ज्याला बिघडलेले म्हणेल ते लालबागमध्ये नीट भाजलेले ठरते, आणि पावात घालून खायचे असेल तर लालबागकरांचेच म्हणणे खरे मानावे लागते. ओलसर ऑम्लेटने पाव भिजतो.

इराण्याच्या टेबलावरून चाळीत

या मसाला ऑम्लेटची सवय मुंबईकरांना लावण्यात इराणी उपाहारगृहांचा वाटा मोठा आहे. धोबीतलावची कयानी १९०४ पासूनची, तिच्याजवळची सॅसेनियन १९१३ची. गिरगावच्या वेशीवरच्या या दुकानांतून, तसेच दादरच्या हिंदू कॉलनीतील कॅफे कॉलनीसारख्या ठिकाणी संगमरवरी टेबलांवर येणारे ‘सिंगल’ किंवा ‘डबल’ ऑम्लेट, सोबत लादीपाव आणि काचेच्या ग्लासात किंवा कपात चहा, हा कित्येक पिढ्यांचा बाहेरच्या खाण्याचा पहिला अनुभव. गिरणगावात घरापासून दूर एकट्याने राहणाऱ्या कामगारांची दोन वेळच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बाया करीत. याच बायांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पण खाणावळीत जेवण मिळे, न्याहारी नव्हे. ती ज्याची त्याने पाहायची असे, आणि मग नाक्यावरचा इराणी जवळचा वाटे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि बेकार झालेल्या काही कामगारांनी खाद्यपदार्थांच्या गाड्या लावल्या. वडापावाची कथा त्यांपैकी सर्वांत अधिक सांगितली जाते. ऑम्लेट-पाव आणि भुर्जीच्या गाड्याही त्याच रस्त्यांवरच्या.

घरात मात्र अंड्याचा प्रवेश इतका सहज झाला नाही. मासे रोज शिजणाऱ्या काही घरांतही कोंबडी आणि अंडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राही. गिरगावच्या चाळींत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात अंड्यासाठी वेगळा तवा, वेगळे उलथणे आणि क्वचित वेगळा रॉकेलचा स्टोव्ह असे. तो दारापुढच्या गॅलरीत पेटवायचा. गॅलरी सामाईक असल्याने कोणाकडे आज काय आहे हे मजल्यावर लपत नसे. त्यावरून धुसफूस होई, तशीच शेजारच्या मुलाला हळूच बोलावून अर्धे ऑम्लेट देण्याची रीतही होती. अंडे-मासे न शिजवण्याच्या अटीवरून नव्या इमारतींत अलीकडे जे वाद झाले त्यांच्याशी तुलना करता चाळीतला हा व्यवहार अधिक समजूतदार वाटतो.

पुण्यात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीची स्थापना १९८२ची. कुक्कुटपालक डॉ. बी. व्ही. राव हे तिचे प्रवर्तक. रविवार असो वा सोमवार, रोज अंडी खा, असे सांगणारी तिची दूरदर्शनवरची जाहिरात घरोघरी पोहोचली. अंडे आजाऱ्याचे किंवा तालमीतल्या पोरांचे खाणे न राहता मुलांच्या न्याहारीचे झाले त्यात तिचाही हात आहे.

अंडी घेताना

बाजारात पांढरी अंडी, तपकिरी अंडी आणि गावठी अंडी अशा तिन्ही जाती मिळतात. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर आणि बलकाचा रंग तिच्या खाद्यावर अवलंबून असतो. तपकिरी कवच म्हणजे अधिक पौष्टिक अंडे, हा समज निराधार आहे. तपकिरी अंडे पुष्कळदा गावठी म्हणून विकले जाते हेही लक्षात ठेवावे. खरे गावठी अंडे आकाराने लहान असते, म्हणून दोन पांढऱ्या अंड्यांच्या जागी तीन गावठी घ्यावीत. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने आणि सत्तरच्या आसपास उष्मांक असतात. कोलेस्टेरॉलच्या भीतीने बलक फेकून देण्याची जी फॅशन मध्यंतरी आली तिचा जोर आता ओसरला आहे. अमेरिकेच्या २०१५च्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून रोजच्या कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळण्यात आली. मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

ताजेपणाची परीक्षा पाण्यात होते. भांडेभर पाण्यात अंडे तळाशी आडवे राहिले तर ताजे, उभे राहिले तर जुने पण वापरण्याजोगे, आणि तरंगले तर टाकाऊ. अंडे जुने होते तशी कवचातील सूक्ष्म छिद्रांतून आतली वाफ बाहेर जाते, हवेची पोकळी वाढते आणि ते हलके होते. मुंबईच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात उघड्यावर ठेवलेली अंडी लवकर उतरतात, तेव्हा आणल्यावर ती शीतकपाटात ठेवणे बरे. धुऊन ठेवू नयेत. कवचावरचा नैसर्गिक लेप निघून जातो. धुवायचीच तर फोडण्याच्या आधी धुवावीत.

साहित्य आणि पूर्वतयारी

चार माणसांसाठी आठ अंडी, मध्यम आकाराचे दोन कांदे, तीन-चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, पाव चमचा हळद, चवीपुरते मीठ आणि तेल किंवा लोणी. टोमॅटो हवा असल्यास एक, तोही बिया आणि पाणी काढून. एवढ्या साहित्यात चार ऑम्लेट होतात. आठही अंडी एकदम फेटून एकच मोठे ऑम्लेट घालण्याचा मोह होतो, पण घरच्या तव्यावर ते साधत नाही. थर जाड होतो, खालचा भाग करपेपर्यंत वरचा कच्चा राहतो आणि उलटताना त्याचे तुकडे होतात. साधारण नऊ इंची तव्याला दोन अंडी हेच प्रमाण योग्य.

कांदा बारीक चिरावा. येथे आळस करू नये, कारण जाड फोडींच्या भोवती अंडे धरत नाही आणि ऑम्लेट उलटताना नेमके तिथे फाटते. चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर कोरडीच एका ताटलीत ठेवावी. पुष्कळ घरांत हे सारे आधीच अंड्यात कालवून, वर मीठ घालून ठेवतात. मिठाने कांद्याला पाणी सुटते आणि शेवटच्या दोन ऑम्लेटांना ते पाणी येते. पहिले चांगले आणि शेवटचे पाणचट, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ इथे आहे. मीठ नुसत्या अंड्यात आधी घातले तर मात्र हरकत नाही. उलट त्याने ऑम्लेट थोडे मऊ होते.

अंडे वाडग्याच्या काठावर फोडू नये. काठाने कवचाचे बारीक कण आत जातात. ओट्याच्या सपाट भागावर हलकेच आपटावे आणि आधी लहान वाटीत काढून मग मोठ्या वाडग्यात घालावे. आठवे अंडे नासके निघाले तर आधीची सात वाचतात. अंड्यांची मोजदाद करून महिना काढणाऱ्या घरांतून आलेली ही सवय आजही मोडू नये अशी आहे. त्याच काळात दोन अंड्यांत चमचाभर बेसन आणि दुप्पट कांदा घालून तिघांना पुरवण्याची युक्तीही होती. तिची चव काहींना इतकी जडली की पुढे अंडी परवडू लागल्यावरही बेसन सुटले नाही.

फेटणे काट्याने, वीस-पंचवीस वेळा. पांढरा आणि बलक एकजीव झाले, बलकाचे पट्टे दिसेनासे झाले की थांबावे. दूध घालावे की पाणी, यावर घरोघरी मतभेद आहेत. दोन अंड्यांना एक लहान चमचा दुधाने किंचित मऊपणा येतो. त्याहून अधिक घातले तर पातळ मिश्रण धरत नाही. काहीच घातले नाही तरी काही बिघडत नाही.

तव्यावर

अंड्याचा पांढरा सुमारे ६० अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. म्हणजे पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी अंडे शिजून झालेले असते. त्यानंतर आच देत राहिल्यास प्रथिनांची जाळी आवळते, तिच्यातले पाणी पिळून बाहेर येते आणि ऑम्लेट चिवट होते. दीर्घ आचेने अंड्यातील गंधकाचा उग्र वासही सुटतो. ज्यांना ऑम्लेटचा वास सहन होत नाही त्यांना पुष्कळदा करपलेल्या ऑम्लेटचाच वास ठाऊक असतो.

बिडाचा किंवा लोखंडी तवा मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटे तापवावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चरचरून लगेच उडाला की तवा तयार. धूर निघू लागला असेल तर खाली उतरवून किंचित निवू द्यावा. चमचाभर तेल सगळीकडे फिरवावे. लोण्याचा स्वाद हवा असेल तर अर्धे तेल, अर्धे लोणी घ्यावे. नुसते लोणी बिडाच्या तव्यावर चटकन काळे पडते. नॉनस्टिक तव्याला तेल कमी लागते, पण तो रिकामा फार तापवू नये.

आता एका ऑम्लेटपुरते, म्हणजे मोठ्या पळीभर अंडे लहान वाडग्यात घेऊन त्यात कांदा-मिरचीचा चौथा हिस्सा ढवळावा आणि लगेच तव्यावर ओतावे. पहिली पंधरा सेकंदे उलथण्याने कडा आत ओढून वरचे पातळ अंडे खाली जाऊ द्यावे. मग आच मंद करून झाकण ठेवावे. मिनिटभराने वरचा भाग ओलसर चमकतो पण वाहत नाही, ही उलटण्याची वेळ. कडा सर्व बाजूंनी सोडवून घ्याव्यात, उलथणे पूर्ण आत सरकवावे आणि एकाच हालचालीत उलटावे. घाबरत अर्धवट उचलले की ते दुमडते. दुसरी बाजू अर्ध्या मिनिटात होते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना ऑम्लेट आतपर्यंत पूर्ण शिजवूनच द्यावे. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंची बाधा होऊ शकते.

अंडे न खाणाऱ्यांसाठी

पुष्कळ घरांत एक तरी माणूस अंडे खात नाही. बहुधा आजी, कधी नुकतीच घरात आलेली सून. तिच्यासाठी महाराष्ट्रीय स्वयंपाकघराने ‘टोमॅटो ऑम्लेट’ नावाचा पदार्थ सिद्ध केला असून त्यात नावापुरतेच ऑम्लेट आहे. वाटीभर बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी, बारीक चिरलेला एक टोमॅटो, अर्धा कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ आणि चिमूटभर ओवा पाण्यात सरसरीत भिजवून दहा मिनिटे ठेवावे. तव्यावर तेल सोडून पातळ पसरावे, झाकण ठेवून खालची बाजू खरपूस होऊ द्यावी आणि उलटून दुसरीही भाजावी. मराठी उपाहारगृहांतही हा पदार्थ मिळतो.

येथे महत्त्वाचा आहे तो क्रम. टोमॅटो ऑम्लेट नेहमी पहिले घालावे, कोऱ्या तव्यावर, अंड्याचे उलथणे लागण्याच्या आधी. उशिरा घातले तर अंडे न खाणाऱ्या माणसाला आपण इतरांची अडचण आहोत असे वाटते आणि ते ‘मला काही नको, चहा पुरे’ म्हणून मोकळे होते. पहिले पान आजीचे वाढले की हा प्रश्न उरत नाही. तवा वेगळा हवा असेल तर तो खुशाल वेगळा ठेवावा.

सर्वांनी एकत्र बसण्याची युक्ती

एक ऑम्लेट अडीच मिनिटांचे धरले तर चारांना दहा मिनिटे लागतात. तेवढ्यात पहिले निवते. त्यावर सोपा उपाय असा की, ऑम्लेट घालण्यापूर्वीच बाकी सारे तयार असावे. चहाचे आधण दुसऱ्या शेगडीवर, पाव भाजून फडक्यात गुंडाळलेला, पाने मांडलेली. दोन तवे असतील तर दोन्ही शेगड्यांवर एकदम चढवावेत आणि चहा आधी करून थर्मासमध्ये ओतावा. पाच-सहा मिनिटांत चारही होतात. झालेले ऑम्लेट जाड बुडाच्या, किंचित गरम केलेल्या पातेल्यात झाकून ठेवले तर तेवढा वेळ गरम राहते, मात्र एकावर एक रचू नयेत, वाफेने ती नरम पडतात.

ज्या घरांत हे जमत नाही तेथे निदान उलथणे हातोहात फिरावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या देखरेखीखाली ऑम्लेट उलटायला शिकवण्यास रविवारइतका चांगला दिवस नाही. पहिली दोन फाटतील. फाटलेल्याची भुर्जी करता येते. शेवटचे ऑम्लेट दुसऱ्या कोणी घालावे आणि आधीची तीन घालणाऱ्या व्यक्तीला ते तव्यावरून थेट पानात मिळावे, एवढे पाहिले तरी पुरे.

पाव सकाळचा ताजाच हवा. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगिजांचा आणि लादीपाव बेकरीचा. मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. चवीत फरक पडणार की नाही, यावर खवय्यांत तेव्हापासून चर्चा आहे. ऑम्लेटबरोबर खाण्यासाठी पाव आडवा चिरून, आतल्या बाजूला लोणी लावून त्याच तव्यावर आधी शेकून घ्यावा. सोबत कैरी किंवा लिंबाचे लोणचे चालते. टोमॅटो सॉस मुलांसाठी. लालबागच्या मसाल्याच्या बाजारातून आणलेला घरचा गरम मसाला चिमूटभर घालण्याची काहींची रीत आहे. प्रमाण वाढले तर अंड्याची चव उरत नाही.

शेवटी भांडी. अंड्याचे वाडगे आणि काटा प्रथम थंड पाण्याने विसळावा. गरम पाण्याने अंडे शिजून भांड्याला चिकटते. वास जाण्यासाठी पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचा कोळ लावून मग साबण वापरावा. बिडाचा तवा साबणाने घासू नये. कोमट असतानाच पुसून, आचेवर कोरडा करून, तेलाचे बोट फिरवून ठेवला की पुढच्या रविवारी अंडे त्याला चिकटत नाही.